विद्यार्थी परिषद की विद्यार्थी संघटना?

आज दिवसभर विद्यापीठांतील विद्यार्थी चळवळीच्या संदर्भनोंदी लावत बसले होते. पहिलाच पेच ‘परिषद’ या शब्दाचा. जिच्यावर १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर सदस्य निवडले जाऊ लागले आणि जिच्यासाठी २०१६च्या कायद्याने पुन्हा निवडणुकीची तरतूद केली, ती विद्यार्थी परिषद ही कायद्याने घडवलेली यंत्रणा आहे. १९४९मध्ये नोंदणी झालेली अखिल भारतीय विद्यार्थी परिषद मात्र नावात परिषद असूनही संघटना आहे, आणि जुन्या कात्रणांत दोन्ही नुसत्या ‘परिषद’ म्हणूनच येतात. एका पिवळ्या पडलेल्या कात्रणावर पेन्सिलीने फक्त ‘परिषदेचा मोर्चा’ एवढेच लिहिले होते. अर्धा तास मजकूर वाचल्यावर ते संघटनेच्या कप्प्यात गेले.

१९३६चे एआयएसएफ (ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन), १९७०चे एसएफआय (स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडिया), १९७१चे एनएसयूआय (नॅशनल स्टुडंट्स युनियन ऑफ इंडिया) या पक्षांशी जोडल्या गेलेल्या विद्यार्थी संघटनांच्या नोंदी सरळ लागल्या. युक्रांद, म्हणजे युवक क्रांती दल ही तरुणांची संघटना, मात्र कोणत्याही पक्षाची शाखा नसल्याने ‘संलग्न पक्ष’ हा रकानाच अपुरा वाटला. तो रकाना मी रिकामा सोडला नाही, ‘स्वतंत्र’ असे स्पष्ट लिहिले, कारण रिकाम्या जागेचा अर्थ पुढचा वाचक ‘माहिती नाही’ असा लावील आणि त्या तरुणांवर तो अन्याय होईल.