ड्रायव्हर म्हणाला, मला दिसल्याच नाहीत

अपघात तपासणीच्या कामात एक वाक्य सारखं कानावर पडतं. ‘दिसलाच नाही.’ कारवाले म्हणतात, ट्रकवाले म्हणतात, बसवाले म्हणतात. लिहून घेणारा माणूस लिहून घेतो, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की त्याचा विश्वास नाहीये, आणि नातेवाईकांचा तर नसतोच, का असावा? पण एका केसमध्ये आम्ही हे वाक्य खरं असू शकतं असं धरून अख्खा दिवस फक्त ते तपासण्यात घालवला. तो दिवस सांगायचाय.

मी मेकॅनिकल इंजिनियर, काम अपघाताच्या रिकन्स्ट्रक्शनचं. टायर घासल्याच्या खुणा, बॉडीवरचे पोचे, सीसीटीव्हीच्या फ्रेम यावरून कोण कुठे होतं, किती वेगात होतं, कुणाला काय दिसू शकत होतं हे काढायचं. गुन्हा कुणाचा हे आम्ही ठरवत नाही, ते कोर्टाचं काम. पण आमच्या कागदावर जे लिहिलं जातं त्यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून घाई केलेली मला चालत नाही.

केस दिसायला साधी होती. सिग्नलला उभा असलेला दोन एक्सलचा मालवाहू ट्रक, हिरवा मिळाल्यावर डावीकडे वळला. त्याच्या डाव्या बाजूने रंगवलेल्या सायकल लेनमधून एक बाई सरळ जात होत्या. केबिनच्या जरा मागे बॉडी त्यांना लागली, त्या पडल्या आणि मागचं चाक पायावरून गेलं. वाचल्या, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या रोज त्याच लेनने कामाला जायच्या, काही चुकीचं करत नव्हत्या.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो वेगाचा. ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, साडेपाच मीटर. पुढचं चाक स्टॉप लाइनवर आलं ती फ्रेम आणि मागचं चाक तिथेच आलं ती फ्रेम, मध्ये 41 फ्रेम, कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमचा, म्हणजे ताशी जेमतेम 12 किमी. (हे करताना टाइमस्टॅम्प आधी तपासायचा असतो, बरेच रेकॉर्डर मधल्या फ्रेम गाळतात आणि मग सगळं गणित बिघडतं.) म्हणजे वेगाचा मुद्दा इथे संपला. ब्रेक ठीक, ड्रायव्हर दारू प्यायलेला नव्हता, फोनवर नव्हता. राहिलं ते एकच वाक्य, मला दिसल्याच नाहीत.

आमच्या मीटिंगमध्ये एक सीनियर म्हणाले, आरसे कशाला असतात मग, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा लिहा आणि फाइल पुढे पाठवा. मी म्हटलं सर, एक दिवस द्या, गाडी यार्डात आहे, ड्रायव्हरही यायला तयार आहे, जागेवर बसवून बघू. ते थोडे वैतागले, पण दिला दिवस.

तर यार्डात तोच ट्रक उभा केला. सीट, आरसे, डॅशबोर्डवरचं सामान, सगळं पंचनाम्याच्या फोटोत होतं तसंच ठेवलं, काहीही पुसलं नाही की सरळ केलं नाही. ड्रायव्हर त्याच्याच सीटवर. गाडीच्या डाव्या बाजूला जमिनीवर अर्ध्या अर्ध्या मीटरचे चौकोन खडूने आखले आणि माझा सहकारी सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे 1.6 मीटरवर, लाल चेंडू लावलेली काठी घेऊन एकेका चौकोनात उभा राहायला लागला. वरून ड्रायव्हरने फक्त सांगायचं, दिसतो की नाही. मी शेजारी उभी राहून कागदावर टिक करत होते. त्याने खोटं सांगू नये म्हणून नंतर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा लावून सगळं परत केलं. दोन्हीत फरक जवळजवळ नव्हता.

मोठ्या गाडीत कधी न बसलेल्यांना वाटतं की उंच बसलं की जास्त दिसतं. लांबचं दिसतं हो. पण ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून अडीच मीटरवर, डाव्या दाराच्या खिडकीची खालची कड दोन मीटरवर आणि ती कड डोळ्यापासून जवळपास दोन मीटर लांब. डोळ्यातून निघून कडेवरून जाणारी रेघ खाली सोडली तर 1.6 मीटर उंचीवरचं डोकं दारापासून साधारण दीड मीटर लांब गेल्याशिवाय दिसतच नाही. त्याच्या आत पूर्ण माणूस, सायकल, पिशवी सगळं मावतं आणि सीटवरून मान कितीही वाकडी केली तरी काही कळत नाही. उरले आरसे. मोठा आरसा मागची लेन दाखवत होता, बरोबर, त्याचं कामच ते. रुंद कोनाचा छोटा आरसा होता पण खालच्या नटावर ढिला होऊन बाहेर वळलेला. दाराखालची जमीन दाखवणारा तिसरा आरसा या गाडीला नव्हताच. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात कागदपत्रांची पिशवी ठेवलेली, तिनेही एक तुकडा खाल्ला होता. शेजारच्या सीटवर त्या दिवशी कोणी नव्हतं.

न दिसणारे चौकोन मी खडूने भरत गेले. संध्याकाळपर्यंत दाराच्या बाजूने मागे जाणारा लांबट पट्टा तयार झाला. मग सहकाऱ्याने त्या सिग्नलचा नकाशा काढला, ट्रक स्टॉप लाइनवर कुठे उभा होता ते फुटेजमधून माहीत होतंच, त्या मापाने आम्ही यार्डात सायकल लेनच्या दोन्ही कडा दोरीने आखल्या. दोऱ्या पट्ट्याच्या आत बसल्या. केबिनजवळ तर कुठूनच बाहेर नाही. आम्ही दोघं काही वेळ नुसते बघत उभे. सायकलवाल्यांसाठी म्हणून, त्यांच्या भल्यासाठी म्हणून रंगवलेली लेन त्यांना नेमकी ट्रक ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागेत आणून उभी करत होती. रंग लावणाऱ्याने, नकाशा पास करणाऱ्याने, कुणीच कधी ट्रकच्या सीटवर बसून खाली बघितलं नव्हतं. मला त्या वेळी राग आला, खरंच आला.

पण आरशात आधी दिसल्या असणारच ना, मागून येताना? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून तेही केलं. हिरवा मिळाल्यावर तू काय काय बघतोस दादा, नेहमी करतोस तसं करून दाखव म्हटलं. डावा आरसा, मग पुढे कोणी चालत रस्ता ओलांडतंय का, मग उजवा आरसा कारण वळायला गाडी आधी थोडी उजवीकडे घ्यावी लागते, मग वळण. स्टॉपवॉच लावून परत परत करून घेतलं, डाव्या आरशातून नजर काढल्यापासून स्टीअरिंग डावीकडे फिरेपर्यंत तीन सेकंद, कधी जरा जास्त. सायकल ताशी 15 ने येत असेल तर तीन सेकंदांत साडेबारा मीटर येते. अख्ख्या ट्रकपेक्षा लांब अंतर. त्याने पाहिलं तेव्हा त्या ट्रकच्या मागे होत्या, आणि इतर गाड्यांच्या गर्दीत आरशाच्या काठावर असलेला एक ठिपका. वळला तेव्हा दाराच्या मागे, खडूच्या पट्ट्यात.

आता त्या बाईंच्या बाजूने. त्यांचा जबाब मी आधीच वाचला होता, त्यात म्हटलेलं की ट्रक उजवीकडे सरकला म्हणून मला वाटलं मला जागा देतोय. हे वाक्यही कुणी नीट ऐकलं नव्हतं. लांब गाडीला डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे जावं लागतं, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढेल. ड्रायव्हरसाठी ते वळणाची सुरुवात, आणि बाजूला असलेल्या माणसासाठी नेमका उलटा अर्थ. इंडिकेटर चालू होता, ते फुटेजमध्ये दिसतं. पण सायकल ट्रकच्या शेपटीच्या पुढे आली की मागचा दिवा मागे राहतो, पुढचा दिवा केबिनच्या कोपऱ्यात, आणि बाजूचा छोटा दिवा चिखलाने इतका माखलेला की यार्डात आम्हाला शेजारी उभं राहूनही नीट दिसला नाही. म्हणजे त्यांनाही कळायला मार्ग नव्हता. दोघांचे जबाब एकमेकांच्या विरोधात लावले होते आणि दोन्ही खरे होते.

शेवटची चाचणी मागच्या चाकाची. टायर ओले करून ट्रक त्याच वळणाच्या मापाने हळू फिरवला आणि जमिनीवरच्या खुणा मोजल्या. पुढच्या चाकाच्या मार्गापासून मागचं चाक सुमारे दीड मीटर आतून गेलं. यात ड्रायव्हरचं कौशल्य वगैरे काही नाही, ही भूमिती आहे, व्हीलबेस जितका लांब आणि वळण जितकं आखूड तितकं मागचं चाक आत येणार. ट्रेलर असेल तर याहून जास्त. लोकांना वाटतं पुढचं चाक आपल्या बाजूने निघून गेलं म्हणजे गाडी गेली. गाडीचा सगळ्यात धोक्याचा भाग अजून यायचा असतो. आणि दोन चाकांच्या मधे जी आडवी पट्टी असते, साइड गार्ड, ती यासाठीच की पडलेला माणूस चाकाखाली न जाता बाहेर ढकलला जावा. या ट्रकला पट्टी बसवायचे ब्रॅकेट होते. पट्टी नव्हती. कधीतरी वाकली असेल, काढून ठेवली असेल, परत लावली नाही. रिपोर्टमध्ये मी सगळ्यात कडक शब्द त्या पट्टीबद्दल आणि गाडीच्या मालकाबद्दल वापरले, कारण ती असती तर टक्कर झाली असती, त्या पडल्या असत्या, पण पाय बहुतेक वाचला असता.

ड्रायव्हर खाली उतरला, खडूचा पट्टा आणि दोऱ्या बघितल्या. बराच वेळ त्याच्या कडेने चालला. मग म्हणाला, मॅडम, मग मी बघायचं कुठे? मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. उजवीकडे घेतल्यावर, स्टीअरिंग डावीकडे फिरवायच्या अगदी आधी, परत एकदा डावा आरसा. छोटा आरसा रोज सकाळी हाताने हलवून बघायचा. वळताना पायी चालणाऱ्याच्या वेगाने जायचं म्हणजे बाजूचा माणूस मागे तरी राहू शकतो. याने सगळं दिसेल असं नाही, पण ते तीन सेकंद कमी होतात. पिशवी आणि ढिला आरसा ही त्याची जबाबदारी होती, हेही मी त्याला तोंडावर सांगितलं आणि रिपोर्टमध्येही आहे.

आणि सायकलवाल्यांना, स्कूटरवाल्यांना सांगते, सिग्नलला मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका, लेन रंगवलेली असली तरीही. मागे थांबा. आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही, आणि दिसत असेल तरी त्याने तुम्हाला पाहिलंय असं धरू नका. अगदी नाकासमोर पण उभं राहू नका, पुढेही आंधळी जागा असते.

पण हे सगळं माणसांच्या डोक्यावर टाकून चालणार नाही यावर मी चाचण्यांनंतरच्या मीटिंगमध्ये अडून बसले. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं त्यात हेच आहे, माणूस चुकणार हे धरून रस्ता आणि गाडी बनवायची, चूक झाली तरी जीव जाऊ नये. लंडनमध्ये 12 टनांवरच्या ट्रकला केबिनमधून थेट किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे देतात, कमी तारे असतील तर जादा सेन्सर आणि कॅमेरे लावल्याशिवाय परमिट नाही, 2021 पासून त्याची अंमलबजावणी चालू आहे. बाजूची सायकल ओळखून ड्रायव्हरला इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी संयुक्त राष्ट्रांचा 151 क्रमांकाचा नियम आहे. आणि नेदरलँड्समध्ये चौकाच्या कोपऱ्यात छोटं बेट करतात, त्यामुळे वळणारी गाडी सायकलला बाजूने नाही तर जवळपास काटकोनात भेटते, म्हणजे सायकल ड्रायव्हरच्या खिडकीसमोर येते, आरशात शोधावी लागत नाही. सीनियर सरांनी यार्डातले फोटो दोनदा मागून घेतले आणि निष्काळजीपणाचा एक शब्द खोडून त्या जागी पूर्ण पान लावायला परवानगी दिली, हे मला त्यांचं मनापासून आवडलं.

त्या चौकात आता गाड्यांची स्टॉप लाइन मागे घेतलीय आणि सायकलला काही सेकंद आधी हिरवा मिळतो. लाल सिग्नलला थांबलेल्यांचा प्रश्न त्याने बराच सुटतो, पण हिरवा चालू असताना मागून येणाऱ्यांचा सुटत नाही, आणि त्या बाई तशाच आल्या होत्या. त्यासाठी कोपरा बदलायला हवा. रस्ता विभागाचं म्हणणं कोपरा आखूड केला तर लांब गाड्या वळणार नाहीत. माझं म्हणणं, कोपऱ्यात थोडा उंच खडबडीत दगडी पट्टा करा, कारवाल्यांना त्यावरून जायला नको वाटेल म्हणून ते सावकाश वळतील आणि ट्रकचं मागचं चाक गरज पडली तर त्यावरून जाईल. पहिला नकाशा परत आला. दुसऱ्यात मी मागच्या चाकाचा मार्ग लाल रेघेने काढून यार्डातल्या मापांसकट जोडलाय आणि उत्तरासाठी दर सोमवारी फोन करते.