जुन्या पँटचे तीन भोपळे

नवऱ्याची गुडघ्यावर विरलेली कॉर्डुरॉय पँट टाकवत नव्हती. या शरदात तिचे शोभेचे कापडी भोपळे केले.

भोपळ्याला कापड लांबीला रुंदीच्या दुप्पट लागतं. पँटच्या पायाचा घेर 40 सेंटिमीटर भरला, म्हणून 20-20 सेंटिमीटरचे तुकडे कापले. पाय मुळातच नळीसारखा, त्यामुळे बाजूची शिवण वाचली. शिवाय कॉर्डुरॉयच्या उभ्या रेघा आयत्याच भोपळ्यासारख्या!

उलट्या बाजूने एका तोंडाशी धावदोरा घातला, खेचून चुण्या केल्या आणि गाठ मारली. मग सुलट करून कापूस भरला. पहिल्याचं वरचं तोंड आवळताना शिलाईचा साधा दोरा तुटला आणि कापूस मांडीवर. मी चिडून चहा करायला गेले. नंतर भरतकामाचा सहापदरी दोरा न सोडवता तसाच वापरला, तो टिकला.

फाकांसाठी तोच दोरा लांब सुईने मधोमध आरपार नेऊन बाहेरून गुंडाळायचा. आठ फाका बरोबर मोजून पाडल्या तर भोपळा कारखान्यातला वाटतो. मी सात पाडल्या, त्याही वेड्यावाकड्या.

देठाला वाळकी काटकी. तिसऱ्याला अजून सापडलेली नाही, तो तसाच बोडका बसलाय खिडकीत.