हातचा न घेता

मावशीच्या न्यू जर्सीतल्या घरी व्हीसीआरचं घड्याळ कायम १२:०० वर लुकलुकत असायचं. ते लावायची विद्या घरात कुणालाच अवगत नव्हती. तरी तिची दुपारची मालिका रोज बिनचूक टेप व्हायची. ही किमया टीव्हीसमोर ठेवलेल्या एका वेगळ्या रिमोटची. त्याचं नाव व्हीसीआर प्लस. पेपरात प्रत्येक कार्यक्रमाशेजारी एक आकडा छापलेला असे, तो दाबायचा की झालं. रिमोटला स्वतःचं घड्याळ होतं. वेळ झाली की तोच व्हीसीआरला उठवून कामाला लावी. मावशी चष्मा चढवून पेपरातले आकडे दाबू लागली की काका हमखास विचारत, "काय मग, आज ओपन का क्लोज?"

जेमस्टार कंपनीने हे यंत्र १९९० मध्ये अमेरिकेत आणलं. तारीख, चॅनेल, सुरुवातीची वेळ आणि लांबी या चार गोष्टींची पुरचुंडी म्हणजे तो आकडा. सगळे बघतात त्या कार्यक्रमांना आखूड आकडा, आडवेळेच्यांना सात-आठ अंकी. "लांब आकड्याचं बघण्यासारखं नसतंच काही," असा मावशीचा सिद्धांत होता.

पुरचुंडी कशी बांधायची, हे अर्थातच कंपनीचं गुपित. केन शिरिफ, कर्ट वेल्च आणि अँड्र्यू किन्समन या तिघांनी ती सोडवली आणि १९९२ मध्ये 'क्रिप्टोलॉजिया' या नियतकालिकात सहा अंकांपर्यंतच्या आकड्यांची उकल छापली. त्यातली एक पायरी मला फार आवडते: गुणाकार करायचा, पण हातचा घ्यायचाच नाही. सात आठे छप्पन्न, तर सहा लिहायचे आणि पाच सोडून द्यायचे. चौथीत मी नेमकं हेच करायचो आणि छडी खायचो.

परवा फोनवर मावशीला ही सगळी कथा मोठ्या उत्साहाने सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "अरे, पण चॅनेल नि वेळ शेजारीच छापलेली असायची की! त्यात शोधायचं काय?"

बरोबरच होतं तिचं. गुप्तलिपी फोडणाऱ्याला कूट आणि त्याचा अर्थ शेजारी शेजारी मिळणं म्हणजे घबाडच, आणि इथे ते रोज सकाळी दारात येऊन पडत होतं. फक्त या तिघांना वेळ नको होती, वेळेचा आकडा कसा होतो ते हवं होतं. एवढं मी मावशीला समजावेपर्यंत मागून काकांचा आवाज आला, "मग लागला का त्यांचा आकडा?"