ही हलगी शेकल्याली न्हाई

गणपतीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या धंद्यात सुगीचे. मी मिक्सिंग-मास्टरिंग करते. गाणं दुसऱ्या कुणी केलेलं असतं, त्यावर शेवटचा हात माझा फिरतो. किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, आणि बेस एकमेकांच्या अंगावर जात नाहीत ना, आवाज फाटत नाही ना, मोबाइलच्या टीचभर स्पीकरवर आणि डीजेच्या भिंतीवर, दोन्हीकडे गाणं उभं राहतं ना, हे मी बघते. कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, चौदा वर्षं हेच काम करते आहे. ऑगस्टमध्ये तिथे इतकी गर्दी असते की कुणाचं गाणं कधी संपलं आणि कुणाचं सुरू झालं, हे रात्री झोपताना आठवत नाही. गेल्या वर्षीचा एक शनिवार मात्र तासातासानं आठवतो.

सांगलीकडचा एक मुलगा त्या दिवशी सात ट्रॅक घेऊन यायचा होता. त्याला मी आधीपासून ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपची दोन बटणं निखळलेली होती आणि एसटीच्या तिकिटामागे त्यानं ट्रॅकची यादी लिहून आणली होती. त्या वेळी त्यानं आणलेलं एकच गाणं होतं. गावच्या मंडळासाठी केलेलं, शब्द नसलेलं. नुसती हलगी, खाली जाड सिंथ बेस आणि मधेच सगळं थांबून एकटी हलगी. मी ते मास्टर करून दिलं आणि विसरले. पुढच्या जयंतीला, मग गणपतीत, मग लग्नांच्या वरातींत ते इतकं वाजलं की माझ्या घराखालूनही तीनदा गेलं. खिडकीशी उभी राहून मी ते ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं होतं.

आता मुंबईच्या एका कंपनीनं त्याच्याशी सात ट्रॅकचा करार केला होता. ॲडव्हान्सही दिला होता. संध्याकाळी सहापर्यंत फायली पोचवायच्या होत्या. सकाळी दहाला तो आला तो स्वतःच्या गाडीतून, बरोबर मामा. मामांच्या मोतीबिंदूची तपासणी पुण्यात करायची होती, ती सोमवारी होती. "बसू द्या की कोपऱ्यात, काय तरास न्हाई त्यांचा," तो म्हणाला. साठीच्या पुढचे, पांढरं धोतर, गुडघ्यावर पिशवी. त्या पहिल्या गाण्यातली हलगी यांचीच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिला ट्रॅक ऐकला. चांगला होता. बेस आवळलेला, किक नेमकी, दोन वर्षांत मुलगा शिकला होता. दुसरा ऐकला. तिसऱ्याच्या मध्यावर मी थांबवलं. तिन्ही गाण्यांत ड्रॉप, म्हणजे सगळा ठेका एकदम कोसळतो ती जागा, 28 व्या सेकंदाला येत होता. तिन्हींत त्याआधी तोच चढत जाणारा सुसाट आवाज, तीच एका ठोक्याची शांतता, आणि मग हलगी.

बाहेर काढलेल्या वेगवेगळ्या फायलींमध्ये काहीतरी घोळ होता, म्हणून त्याचा मूळ प्रोजेक्टच उघडला. खाली सरकवत गेले तर तळाशी राखाडी रंगाच्या, आवाज बंद केलेल्या पट्ट्या होत्या. एकीवर नाव होतं, 'मामा हलगी अंगण 3'. दुसऱ्या ट्रॅकचा प्रोजेक्ट उघडला, तळाशी तीच पट्टी. सातही उघडले. सातही प्रोजेक्ट जुन्या गाजलेल्या गाण्याला 'सेव्ह ॲज' करून केलेले होते. भिंती त्याच, नुसता रंग नवा.

"हे काय आहे रे?"

त्यानं फोन पुढे केला. कंपनीनं पाठवलेली सूचना होती. पहिल्या पाच सेकंदांत हूक, म्हणजे कानात अडकून राहणारा तुकडा, हवी. ड्रॉप 28 व्या सेकंदाच्या आत हवा. आणि नमुना म्हणून सोबत जोडलेलं गाणं होतं त्याचंच, ते जुनं. 28 का, ते मला कळत होतं. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकणं पैशासाठी मोजलं जातं. त्या दोन सेकंदांच्या फटीत ऐकणाऱ्याला पकडून ठेवायचं होतं. ज्या गाण्यात मुळात पाऊण मिनिट नुसती हलगी घुमते आणि मग बेस येतो, त्याच गाण्याचा दाखला देऊन!

मला राग आला, आणि रागात मी त्याला बरंच सुनावलं. यशानं माणसाचं काम नासतं, हे माझं जुनं मत. त्याला मी केएलएफची गोष्ट सांगितली. ब्रिटनमधली ही संगीतकारांची जोडी 1992 मध्ये, सगळं जोरात चालू असताना, धंद्यातून बाहेर पडली आणि स्वतःच्या सगळ्या तबकड्या विक्रीतून काढून घेतल्या. दोन वर्षांनी स्कॉटलंडच्या जुरा बेटावर जाऊन दहा लाख पौंडांच्या नोटा जाळल्या. मग चरणजीत सिंगांची सांगितली, ती माझी लाडकी. हिंदी सिनेमांत वाजवणारा मुंबईचा वादक. 1982 मध्ये रोलँड या जपानी कंपनीची टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 एवढी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन त्यांनी दहा रागांची एक तबकडी केली. शिकागोच्या पोरांनी त्याच 303 मधून जो चिरका, वळवळता आवाज काढला आणि ज्या नाचाच्या संगीताला जगानं ॲसिड हाउस म्हटलं, त्याची पहिली तबकडी आली 1987 मध्ये. आपला माणूस पाच वर्षं पुढे होता! कुणी विकत घेतली नाही, कुणी विचारलं नाही, म्हणून ते काम असं निखळ राहिलं, असं मी म्हणाले.

"मग ते पुढं काय करत होते?" त्यानं विचारलं.

लग्नसमारंभांत वाजवत होते. 2010 मध्ये तबकडी पुन्हा निघाली, जगभर नाव झालं, सत्तरी ओलांडल्यावर युरोपात कार्यक्रम झाले, आणि 2015 मध्ये ते गेले.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मधली अठ्ठावीस वर्षं वाया गेली की ओ, ताई."

हा विचार मी कधी केला नव्हता. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती, पण प्रत्येक वेळी तबकडीच्या बाजूनं. माणसाच्या बाजूनं नाही. ती खपली असती तर कदाचित दुसरी निघाली असती, तिसरी निघाली असती. अपयशानं ते काम जपलं नाही, तिथेच थांबवलं. आणि ते 303 यंत्र तरी काय? एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते चाललं नाही, 1984 मध्ये बंद झालं, जुन्या बाजारात मातीमोल विकलं गेलं, म्हणून शिकागोच्या पोरांना परवडलं. पण ती पोरं ते कपाटात ठेवायला घेऊन गेली नव्हती. क्लबात लोक नाचावेत म्हणूनच वाजवत होती.

मुलगा पुढे बोलत होता. "आणि पहिलं गाणं मी काय फुकट केलं नव्हतं. मंडळानं तीन हजार दिले होते. ऑर्डरच होती ती." पहिली चाल त्यानं फार जलद केली होती. लेझीमची पोरं म्हणाली, पाय पडत नाहीत. तीन संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर सरावाला जाऊन बसला. लॅपटॉप मांडीवर, स्पीकर सायकलच्या कॅरिअरवर. कुठे पोरं चुकतात, कुठे त्यांना दम लागतो, ते बघून चाल कमी केली. मधे सगळं थांबून एकटी हलगी येते ना, ती जागाही त्यांच्यासाठीच ठेवलेली. तिथे पोरं श्वास घेतात.

मला ती जागा केवढी कलात्मक वाटली होती! दोन-तीन जणांना मी ती वाजवूनही दाखवली होती. आणि ती पोरांना दम खायला म्हणून होती.

"आता कुणासाठी करतोयस?" मी विचारलं.

त्यानं फोन उचलून एक आलेख दाखवला. किती लोकांनी कुठल्या सेकंदाला गाणं सोडलं, त्याची खाली उतरत जाणारी रेघ. "हे बघून," तो म्हणाला. त्या रेघेत कुणाचे पाय दिसत नव्हते.

इतका वेळ कोपऱ्यात गप्प असलेले मामा तेवढ्यात बोलले. "ही हलगी शेकल्याली न्हाई."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"आन् ह्यो एकच टोला परत परत मारतोय. माणसाचा हात असा न्हाई चालत, बाई."

मामांना पडदा दिसत नव्हता. दिसला असता तरी डोळ्यांवर मोतीबिंदू. मी त्या हलगीची पट्टी मोठी करून पाहिली. विकत घेतलेल्या संग्रहातला एकच टोला, रेघेवर रेघ मांडलेला, एकूण एक सारखा. मग तळाची राखाडी पट्टी चालू केली. अंगणात मोबाइलवर धरलेली हलगी. मागे कुत्रं भुंकतंय, कुणीतरी बादली ठेवतंय. एकही टोला दुसऱ्यासारखा नाही. मी मोजलं. दर तिसरा टोला ठरल्या जागेपेक्षा साधारण अठरा मिलिसेकंद मागे पडत होता. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पण तेवढ्या मागे रेलण्यातच नाचणाऱ्याला पाऊल टाकायला जागा मिळते. नव्या सातही गाण्यांत ती जागा बुजली होती.

"हे का नाही घेतलंस?"

"आवाज घाण आहे म्हणाले कंपनीवाले. कुत्रं ऐकू येतंय."

"मामा, हलगी आणलीय?"

गाडीच्या डिकीत होती. तपासणीनंतर परतीच्या वाटेवर एका पाहुण्यांकडे कार्यक्रम होता. सकाळपासून पाऊस, कातडं पार सैल पडलेलं. मारून पाहिलं तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. शेकायची कुठे? स्टुडिओत फोम, लाकूड, वायरी, काडी ओढायची सोय नाही. आम्ही तिघं खाली चहाच्या टपरीवर गेलो. चहावाल्यानं पातेलं उतरवून स्टोव्ह मोकळा करून दिला. मामांनी हलगी आचेपासून वीतभर वर धरली आणि तव्यावरच्या भाकरीसारखी फिरवत राहिले. मधेच बोटानं टिचकी मारायची, कानाशी न्यायची, पुन्हा फिरवायची. पाचव्या-सहाव्या टिचकीला आवाज टणकन उमटला तशी ती त्यांनी छातीशी धरली आणि उपरण्यात गुंडाळून जिने चढले. साठी उलटलेला माणूस, आम्ही दोघं मागे पडलो.

खोलीच्या मधोमध एकच माइक ठेवला. मुलगा हेडफोन घेऊन आला. ठेका चुकू नये म्हणून कानात टिकटिक लावायची पद्धत आहे. मामांनी अर्धा मिनिट ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला. "ह्ये सारखं मधी बोलतंय." टिकटिक बंद केली. त्यांनी अकरा मिनिटं वाजवलं. डाव्या हातातली बारीक काडी सारखी कुजबुजत राहायची आणि उजव्या हाताचा टोला मधूनच पडायचा. सात-आठ मिनिटांनी चाल चढली, मग पुन्हा उतरली. मी मोजत होते: मिनिटाला 104 ठोक्यांवरून 109, परत 105.

फोन वाजला तेव्हा साडेचार झाले होते. कंपनीचा माणूस. आम्ही नवं काहीतरी करतोय, असं मुलानं भीत भीत सांगितलं. पलीकडून मला ऐकू आलं, "नवं नंतर करा हो, आधी ठरलंय ते द्या." मुलानं माझ्याकडे पाहिलं. ॲडव्हान्सचा स्लॅब पडून झाला होता, परत करायला पैसे नव्हते. मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. सकाळी बोलले होते तेवढं पुरे होतं, आणि त्यातलं निम्मं चूक होतं. गावाकडे पहिल्यांदाच त्याच्या आईच्या डोक्यावर पक्कं छत येत होतं. त्या पैशाला मी वाईट कसं म्हणू?

सहापर्यंत सहा ट्रॅक मास्टर करून पाठवले, त्यांना हवे तसे. त्यांना आवाज उणे 6 एलयूएफएसपर्यंत रेटून हवा होता. हे गाण्याच्या एकूण जोराचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा. स्पॉटिफाय तो आपणहून साधारण उणे 14 वर आणून ठेवतं, म्हणजे एवढं चिरडून हाती काही लागत नाही. हे मी लिहून कळवलं, त्यांनी ऐकलं नाही. दिलेल्या पैशाचं काम म्हणून मी ते नीट केलं. सातव्यासाठी मुलानं सोमवारपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली.

रात्री जेवण करून आम्ही पुन्हा बसलो. मामा सोफ्यावर झोपले होते, हलगी उशाशी. सवयीनं मुलानं जुना प्रोजेक्ट उघडला, 'सेव्ह ॲज'वर बाण नेला आणि थांबला. मग तो बंद करून कोरा उघडला. मामांची अकरा मिनिटं आत आणली आणि मला विचारलं, "ताई, टेम्पो किती टाकू?"

"तूच बघ."

यंत्राच्या रेघा सरळ, मामांचे टोले वाकडेतिकडे. हलगी कापून रेघांवर बसवायला दहा मिनिटं पुरली असती. त्यानं हलगीला हात लावला नाही. एकेक टोला ऐकत तो रेघाच उचलून मामांच्या टोल्यांखाली ठेवत गेला. 104, 104.6, 105.2. किक त्यांच्या मागे, बेस किकच्या मागे. पहाटे सव्वातीनला मी चहा ठेवायला उठले, तेव्हा तो सहाव्या मिनिटाला पोचला होता आणि त्याचा पाय हलत होता.