मेंफिसला कॅटफिशच्या स्पर्धेला जाताना

अमेरिकेत कॅटफिशच्या स्पर्धा पुष्कळ नद्यांवर होतात, पण टेनेसी राज्यातल्या मेंफिसजवळच्या मिसिसिपीची गोष्टच वेगळी. ‘मिसिसिपी रिव्हर मॉन्स्टर्स’ ही स्पर्धा इथलीच. शिंगाळा-शिवडा पाहत वाढलेल्या माणसाला इथला ब्लू कॅटफिश थक्क करतो. पन्नास-साठ पौंडांचा मासा लागला तर कौतुक होतं, पण कोणाला धक्का बसत नाही. सेंट लुईसहून हायवे ५५ ने साडेचार तासांचा रस्ता, बोट ओढत निघालात तर साडेपाच धरा. मासा कसा धरायचा यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते परगावच्या स्पर्धेत माणूस हरतो तो आमिष, नांगर आणि मासे जिवंत ठेवायची बोटीतली टाकी या तीन जागी, म्हणून त्यांवरच जास्त लिहितो.

आधी पाणी. सेंट लुईसच्या खाली समुद्रापर्यंत मिसिसिपीला अडवणारं एकही धरण नाही. त्यामुळे वर ओहायो आणि मिसुरीच्या खोऱ्यांत जे पडतं ते थेट खाली येतं. मेंफिसच्या मोजपट्टीवर १९३७ साली ४८.७ फूट पाणी होतं आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला उणे १२.०४ फूट. म्हणजे एकाच ठिकाणी साठ फुटांचा फरक! उणे आकडा म्हणजे नदी कोरडी नव्हे, मोजपट्टीचं शून्य पूर्वी ठरवलेल्या पातळीवर आहे एवढंच. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात नदी खाली जाते तेव्हा बोट उतरवायच्या उताराचं काँक्रीट संपून पुढे चिखल लागू शकतो आणि ट्रेलरची चाकं रुततात. निघायच्या आधी आठवडाभर मेंफिससोबत केअरोची पातळीही रोज लिहून ठेवा. ओहायो नदी तिथे येऊन मिळते, आणि तिथला चढ-उतार काही दिवसांनी खाली पोहोचतो. पाणी चढतं असेल तर ओंडके वाहत येतात आणि मासा काठाकडे सरकतो. उतरतं असेल तर तो खोल धारेकडे जातो. मागच्या वर्षीच्या खुणांवर विसंबून गेलात तर अर्ध्या जागा उघड्या वाळूवर सापडतील.

मासेमारीच्या परवान्याचं काम घरूनच उरका. पूर्वेला टेनेसी, पश्चिमेला आर्कान्सा, जरा खाली गेलं की मिसिसिपी राज्य. नदीने पात्र बदललं तरी सीमा जुन्या वळणावरच राहिली आहे, म्हणून ‘मधल्या धारेच्या अलीकडे टेनेसी’ हा अंदाज सगळीकडे चालत नाही. टेनेसीत ३४ इंचांहून लांब कॅटफिश माणशी दिवसाला एकच ठेवता येतो. पाच माशांच्या वजनाची स्पर्धा असेल तर दोघांच्या संघाला मोठे दोनच धरता येतात, बाकीचे तीन ३४ च्या आतले. म्हणून ३३ इंचांचा जाडजूड मासा इथे सोन्याच्या मोलाचा. मोजपाटी बोटीत हाताशी ठेवा आणि मासा टाकीत सोडण्याआधीच मोजा.

ट्रेलरबद्दल थोडक्यात. प्रत्येक पेट्रोल पंपावर चारही चाकांच्या हबना (मधल्या तुंब्यांना) हात लावून बघा. कोमट असतील तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगचं ग्रीस गेलं आहे. स्पेअर चाक, चाकाचा पाना आणि एक भरलेला सुटा हब सोबत हवाच.

आता आमिष. ब्लू कॅटफिशला स्किपजॅक हेरिंगसारखं दुसरं काही नाही. आपल्या पाल्याच्या जवळच्या कुळातला हा मासा, तसाच तेलकट, आणि त्या तेलाचा वास धारेबरोबर लांब जातो. तो धरणाखालच्या फेसाळ पाण्यात मिळतो. मेंफिसहून पूर्वेला दोन-अडीच तासांवर पिकविक धरण आहे, तिथे पाच-सहा बारीक गळांची सबिकी दोरी टाकून धरतात. जनित्रं बंद असली की पाणी थांबतं आणि स्किपजॅक पांगतो, म्हणून जाण्याआधी पाणी सोडण्याच्या वेळा बघा. एका दिवसाला संघामागे तीस-चाळीस नग तरी हवेत.

बिघडतं ते यानंतर. स्किपजॅक नुसता बर्फावर टाकला की वितळलेलं गोडं पाणी मांसात शिरतं, मांस पांढरं आणि भुसभुशीत होतं, आणि पहिल्याच फेकीत गळावरून सुटून जातं. बर्फात मूठ-दोन मूठ जाडं मीठ घाला, मासे पिशव्यांत बंद करून त्यात दाबून ठेवा, पेटीचं खालचं बूच उघडून पाणी जाऊ द्या. आधी गोठवून नेणार असाल तर हवा काढलेल्या पिशवीत एका थरात, चपटे. ताज्याची सर गोठवलेल्याला येत नाही, पण नीट गोठवलेला स्किपजॅक बर्फात कुजलेल्या ‘ताज्या’पेक्षा कितीतरी बरा. सिल्व्हर कार्पचे तुकडेही चालतात. मात्र तो मासा जिवंत अवस्थेत एका राज्यातून दुसऱ्यात नेऊ नका.

कापताना आधी शेपूट उडवा आणि टाकून द्या. शेपटीचा तुकडा धारेत भिंगरीसारखा फिरतो आणि तंगुसाला पीळ पडतो. मुंडकं कल्ल्यांच्या मागे तिरकं कापा, थोडी आतडी लोंबत राहू द्या. उरलेल्या धडाचे दोन-दोन इंचांचे तुकडे. ८/० ते १०/० मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला) कातडीच्या वरच्या कडेतून एकदाच काढा आणि टोक पूर्ण उघडं ठेवा. मांसात रुतलेलं टोक जबड्यात फिरत नाही, मग काठी वाकते, सुटते, आणि दोष मात्र माशाला. अर्ध्या तासात काही झालं नाही तर तुकडा बदला. तोवर त्याचा रस धुऊन गेलेला असतो.

मिसिसिपीत नांगर टाकणं हे सगळ्यात धोक्याचं काम. नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, कधीही मागून नाही. मागून टाकला तर धार बोटीचा मागचा भाग खाली दाबते आणि पाणी आत येतं, ते इतकं भराभर की सावरायला वेळ मिळत नाही. तीस फूट पाण्यात दीडशे ते दोनशे फूट दोर लागतो. दोराच्या बोटीकडच्या टोकाला मोठा फुगा आणि पटकन सुटणारा हूक हवा. मोठा मासा लागला किंवा मालवाहू तराफे आले तर दोर फुग्यासकट सोडून द्यायचा, नंतर परत येऊन घ्यायचा. इथे एका टगबोटीपुढे तीस-चाळीस तराफे बांधलेले असतात. ती थांबायला मैलभर लागतो आणि चालकाला नाळेपुढचं बरंच पाणी दिसतच नाही. रेडिओ १३ नंबरवर चालू ठेवा, आणि आखलेल्या जलमार्गात नांगर टाकूच नका.

जीपीएसवर बोट धरून ठेवणारी ट्रोलिंग मोटर आहे म्हणून नांगर घरी ठेवणारेही असतात. ताशी चार-पाच मैलांच्या धारेत ती मोटर दिवसभर तग धरत नाही. दुपारी बॅटरी बसते, नेमकी मासा हलायच्या वेळेला. तिचा खरा उपयोग बम्पिंगसाठी. नाळ धारेच्या वर ठेवून बोट धारेपेक्षा थोडी हळू खाली सोडायची. काठी हातात, खाली सहा-आठ औंसांचं शिसं. काठीचं टोक फूटभर उचलायचं, शिसं पुढे सरकून तळाला टेकलं की मनगटाला ‘टक्’ कळतं. प्रत्येक टेकणीला थोडा तंगूस सोडायचा. टक् येईना की एक तर शिसं हलकं आहे किंवा तळ एकदम खाली गेला आहे, आणि असा उतार दिसला की तीच जागा. दगडी बांधांच्या टोकाखाली धारेने खणलेले डोह असतात. ब्लू कॅटफिश बहुधा त्या डोहाच्या वरच्या कडेला तोंड करून असतो, तळात नाही. बाहेरच्या वळणावर लष्करी अभियंत्यांनी काँक्रीटच्या चटया अंथरल्या आहेत, तिथे शिसं हमखास अडकतं. म्हणून शिसं २० पौंडांच्या ताणाला तुटणाऱ्या कमकुवत तुकड्यावर बांधा, मुख्य तंगूस ४० चा आणि गळाकडचा ६० चा. अडकलं तर तुटेल ते शिसंच.

मासा लागल्यावर हिसका मारू नका. सर्कल गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हिसक्याने तो तोंडातून निसटतो.

आणि मग टाकी. चाळीस पौंडांचे दोन आणि पंधराचे तीन मासे म्हणजे सव्वाशे पौंड जीव, त्याला शंभर गॅलनची टाकीही ऐसपैस नाही. वीस अंश सेल्सियस पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसात. दुपारचं ऊन टाकीवर पडलं की मासे का उलटतात याचं उत्तर त्यात आहे. पाण्याच्या बाटल्या गोठवून न्या आणि बंदच सोडा. सुटा बर्फ नळाच्या पाण्याचा असला तर त्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. थंड करणं हळूहळू, तीन-चार अंशांपलीकडे नको. टाकीच्या तळातून पाणी काढत राहा, बुळबुळीत घाण तिथेच साचते. खोल पाण्यातून वर आलेला मासा पोट वर करून तरंगत असेल तर त्याला सुई टोचू नका. कॅटफिशची हवेची पिशवी घशाला जोडलेली असते. डोकं वर धरून पोटावरून हात पुढे फिरवला की ढेकर देऊन तो सरळ होतो. उचलताना एक हात पोटाखाली हवाच, नुसत्या जबड्यावर चाळीस पौंड टांगू नका. आणि पाठीच्या व बाजूच्या काट्यांपासून हात जपा. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागला आहे त्याला जास्त सांगायला नको.

परतीचा हिशेब सकाळीच करा. पाण्यात ताशी पंचवीस मैल चालणारी बोट पाचच्या धारेत खाली तीसने जाते आणि वर वीसने येते. तीस मैल खाली गेलात तर जायला एक तास, यायला दीड, आणि पेट्रोलही त्याच मानाने. वजनाच्या वेळेला मिनिटभर उशीर झाला तरी दिवस बाद होतो. शेवटचा गळ वेळेच्या अडीच तास आधी वर घ्या.

वजन झाल्यावर मासा पाण्याने भरलेल्या पिशवीतूनच न्या आणि धारेच्या कडेच्या संथ पाण्यात, तोंड धारेकडे करून धरा. शेपूट स्वतःहून हलवून हातातून निघाला की सोडा, त्याआधी नाही. मग बोटीचं, टाकीचं बूच काढून सगळं पाणी उतारावरच रिकामं करा, म्हणजे इथल्या शिंपल्यांची पिल्लं पुढच्या नदीत जाणार नाहीत. काढलेलं बूच गाडीच्या किल्लीला बांधा. पुढच्या वेळी बोट उतरवताना ते आधी आठवेल.