एका बाटलीमुळे अडलेला निर्णय

गर्भपातात क्युरेटिंग (गर्भाशय आतून साफ करणं) झाल्यावर पुढे काय, याचं निम्मं उत्तर क्युरेटिंगच्या टेबलावरच ठरतं. मला हे तीन आठवडे उशिरा कळलं, म्हणून आधी तेच लिहिते.

वय ३७, आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराचं) पहिलं ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, नवव्या आठवड्यात ठोके थांबलेले, क्लिनिकात दोन भ्रूण गोठवलेले. वाटा तीन होत्या. ते भ्रूण आहेत तसे एकेक करून ट्रान्सफर करायचे. किंवा वितळवून, बायोप्सी करून (थोड्या पेशी काढून), पुन्हा गोठवून पीजीटी-एच्या, म्हणजे भ्रूणाच्या गुणसूत्रांच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ठरवायचं. नाहीतर इंजेक्शनं घेऊन, पुन्हा बीजं काढून नवी सायकल. निवडण्याआधी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे गेलेल्या गर्भाची गुणसूत्रं बरोबर होती की नव्हती. पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे तरी गर्भपात गुणसूत्रांच्या चुकीने होतात. तसं निघालं की पिशवीत दोष, रक्तात दोष, जिना चढलात का, हे सगळं तिथेच थांबतं. बरोबर निघाली तर मात्र पिशवीचा आकार, थायरॉईड, साखर यांच्याकडे नीट वळावं लागतं.

ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरात) सवयीप्रमाणे काढलेलं सगळं फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत गेलं. दहा दिवसांनी दोन ओळींचा हिस्टोपॅथचा (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट आला: कोरिऑनिक व्हिलाय (वारेचे धागे) दिसतात. म्हणजे गर्भ होता. ते आम्हाला माहीत होतं.

कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रं मोजून पाहायच्या तपासणीसाठी, पेशी जिवंत लागतात, त्या लॅबमध्ये वाढवाव्या लागतात. फॉर्मॅलिनमध्ये पडल्या क्षणापासून त्या मरतात. मायक्रोअ‍ॅरेला (डीएनएवरून गुणसूत्रं तपासण्याची दुसरी पद्धत) जिवंत पेशी लागत नाहीत, पण डीएनए धड लागतो आणि फॉर्मॅलिन त्याचेही तुकडे करतं. जेनेटिक लॅबवाल्या मॅडम म्हणाल्या, हिस्टोपॅथकडे मेणाचा ब्लॉक असेल तो आणा, प्रयत्न करू, खात्री नाही. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लास्टिकची जाळीदार डबी, तिच्यावर पांढरं मेण आणि मेणात तपकिरी ठिपका.

तो ठिपका मिळवायला १९ दिवस लागले. पहिल्या दिवशी डॉक्टरांचं पत्र नेलं, तर त्यावर ब्लॉक नंबर नाही. नंबर रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक छापलेला असतो, तो घालून दुसरं पत्र. मग पत्र पॅथॉलॉजिस्टच्या नावानेच हवं. तिसरं पत्र. मग मूळ पावती, आणि ती गेलेली मेडिक्लेमच्या फाइलमध्ये. झेरॉक्स चालत नाही. पावती आणली तर, "ताई, सही करणारे सर गुरुवारीच येतात." तो दिवस शुक्रवार होता. हे चारही नियम पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून देता आले असते, हा राग अजून गेलेला नाही. पुढे रिपोर्ट काय आला? डीएनए पुरेशा प्रतीचा नाही, निष्कर्ष काढता येत नाही.

तर क्युरेटिंग ठरलं असेल तर आदल्या दिवशीच जेनेटिक लॅबकडून त्यांची बाटली मागवा, किंवा निर्जंतुक डबीत नॉर्मल सलाइन. दोन बाटल्या हव्यात, एक फॉर्मॅलिनची हिस्टोपॅथला, एक सलाइनची जेनेटिकला. सलाइनमध्ये पांढरे, पिसांसारखे तरंगतात ते व्हिलाय; हवे असतात ते, रक्ताच्या गुठळ्या नव्हे. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. शनिवारी संध्याकाळी क्युरेटिंग असेल तर रविवारी नमुना कोण उचलणार हे आधी विचारा. क्युरेटिंगऐवजी गोळ्या घेऊन गर्भपात घरी होणार असेल तरी हीच डबी घरी आणून ठेवता येते. सोबत आईचं थोडं रक्तही द्या. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर रिपोर्ट आईचाच येतो आणि 'नॉर्मल' दिसतो. लिंग सहसा रिपोर्टवर छापत नाहीत, त्यामुळे तो आईचा असेल अशी वाचून शंकाही येत नाही. 'मॅटर्नल कंटॅमिनेशन (आईच्या पेशींची भेसळ) तपासलं का' हे लॅबला थेट विचारायचं.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या गर्भाविरुद्ध आईच्या रक्तात अँटिबॉडी बनू नयेत म्हणून) ७२ तासांच्या आत. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. आणि नोकरी असेल तर गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. डिस्चार्ज कार्डासोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच दिवशी मागून घ्या.

रिपोर्टशिवाय मग ठरवायचं कसं? एका गर्भपातानंतर 'रिकरंट पॅकेज' (वारंवार गर्भपातासाठीच्या तपासण्या) विकणाऱ्या लॅबला नाही म्हणा. टॉर्च टेस्ट (काही संसर्गांची रक्ततपासणी) यासाठी निरुपयोगी आहे. रक्त गोठण्याच्या अँटिबॉडी एकदा पॉझिटिव्ह आल्या तरी १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान धरत नाहीत, आणि दहा आठवड्यांच्या आतला एकच गर्भपात त्या निकषात बसतही नाही. आम्ही टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर आणि थ्रीडी सोनोग्राफी एवढंच केलं. क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली तर गर्भाशय आतून चिकटलेलं असू शकतं. हे डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगायचं. एचसीजी (रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन) शून्यावर येऊन एक नीट पाळी झाली की पुढची तयारी करता येते. पाळी बहुधा ४ ते ६ आठवड्यांत येते.

पीजीटी-ए भ्रूण सुधारत नाही, फक्त निवडतं. दहा भ्रूण असते तर निवडीला अर्थ होता. दोनच असताना दोन्ही वितळवून, खुडून, परत गोठवण्यात ते गमावण्याचीही जोखीम असते. न तपासता ट्रान्सफर केले तर धोका आणखी एका गर्भपाताचा आणि गेलेल्या महिन्यांचा. नवीन सायकल करावी लागली तर भ्रूण पहिल्यांदा गोठवण्याआधीच बायोप्सी करता येते, तेव्हा विचार करू. एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) पाहून घाबरवणाऱ्यांना एवढंच विचारा, की हा आकडा बीजांची संख्या सांगतो की दर्जा? दाता-बीजाचा (दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा) विषय आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत काढला. एका गर्भपातावर तो काढणं मला घाईचं वाटलं.

आम्ही एकेक भ्रूण, न तपासता, असं ठरवलं आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने लिहून ठेवलंय: 'गरज पडल्यास नमुना सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये नाही.' खाली डॉक्टरांची सही घेतली आहे.