सावडीची परसबाग, जुळे सोलापूर : मृगापासून हस्तापर्यंत

हस्ताचा पाऊस पडून गेला, आता यंदाची नोंद मांडतो. आमच्या गल्लीत परसबागेची कामं सावडीने चालतात. आज सगळे एका घरी खुरपं धरतात, पुढच्या खेपेला दुसऱ्या घरी. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे भाकरी आणि शेंगाचटणी.

यंदाचा मोठा बदल म्हणजे पाळी वाराने न ठरवता वाफशावर, म्हणजे माती ना फार ओली ना कडक, खुरपण्याजोगी असते त्या वेळेवर ठरवली. गल्लीत माती दोन तऱ्हेची आहे. बांधकामाच्या वेळी ज्यांनी मुरूम भरला, त्यांच्याकडे पाऊस उघडला की दुसऱ्याच दिवशी खुरपं चालतं. ज्यांच्याकडे मूळची काळी आहे, त्यांना चार-पाच दिवस थांबावं लागतं. ओलीत पाय घातला तर माती दबून ढेकळं होतात, आणि वेळ गेली की तीच माती टिकावालाही दाद देत नाही. मधले दिवस थोडेच मिळतात. एकट्याने ते गाठणं अवघड, पण सात-आठ जण उतरले की एका सकाळी वाफे तयार. कोपऱ्यावरच्या काकू वीतभर खालची माती मुठीत दाबून बघतात. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर ग्रुपवर निरोप जातो. मुरमाची घरं आधी, काळीची नंतर. आधी कुणाचं, यावरची कुजबुज त्यामुळे थांबली. मला हे फार मोलाचं वाटतं.

मृगात कुंपणाला दोडका, कारलं, गवार टोकली. अंबाडी प्रत्येक घरी लावली, कारण आमच्या गल्लीतल्या मराठी, तेलुगू, कन्नड अशा सगळ्याच स्वयंपाकघरांत ती लागते. आपल्याकडे पावसाचा खरा भरवसा सप्टेंबरचाच, म्हणून जुलैतल्या उघडिपीसाठी रंग न दिलेली साधी मडकी वेलांमध्ये गळ्यापर्यंत पुरली आणि वर झाकण्या ठेवल्या. नळाला रोज पाणी नसतं. मडकं भरून ठेवलं की ते मुळांपाशी हळूहळू झिरपतं, वरची माती कोरडी राहते आणि तणही कमी उगवतं. एखाद्या घरचे लोक गावाला गेले तर शेजारी मडकी भरतात, हेही सावडीतच धरलं आहे.

कडीपत्त्याचा कोवळा पाला पिवळा आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं बऱ्याच घरी दिसत होतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारलं. नवी पालवी हिरवी आली.

डाळिंबाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, आणि 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथे घरोघरी डाळिंबाच्या भगवा जातीचं एखादं तरी झाड असतं. सावडीत सिकेटर (छाटणीची कात्री) एकच आणि तो घरोघर फिरतो. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे, रोगट फांदी कापलेल्या पात्यावरून तो पुढच्या झाडात जातो. म्हणून सिकेटरसोबत सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा डबाही फिरतो. प्रत्येक झाडानंतर पाती त्यात बुडवायची, आणि पानं ओली असताना छाटणी करायचीच नाही. डागाळलेली पानं-फळं वेचून जाळतो, कंपोस्टच्या खड्ड्यात ती जाऊ देत नाही. तुमच्याकडे अवजारं सामाईक असतील तर हा डबा आजच ठेवा.

आता मेथी, चुका, पालक यांचे वाफे मुरमाच्या बाजूला टाकून झालेत. काळीतला वाफसा यायचाय. तिथे यंदा प्रथमच गादीवाफ्यावर गाजर घेणार आहोत. ज्यांनी भारी जमिनीत गाजर सरळ आणलंय, त्यांनी सांगावं : वाळू मिसळता की नुसतं कुजलेलं शेणखत, आणि गादी किती उंच करता?